वेदीवर न आलेला भोपळा

पर्यावरण रविवार म्हणून एक रविवार असतो हे मला म्हातारपणी कळलं. नाताळ माहीत, ईस्टर माहीत, झावळ्यांचा रविवार माहीत. पण जून महिन्यात झाडाझुडपांसाठी वेगळी उपासना असते, हे आमच्या आधीच्या पाळकांनी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना आमची पापंच पुरायची.

नवे पाळकसाहेब वयानं तरुण. आले ते टेम्पोत संसारापेक्षा रोपं जास्त घेऊन. चर्चच्या आवारात त्यांनी लिंब लावले, करंज लावले. त्यातली निम्मी रोपं शेरडांनी खाल्ली. तरी माणूस चिडला नाही. म्हणाला, शेरडंही देवाचीच आहेत. तेव्हाच मला तो आवडला, पण मी तसं बोलून दाखवलं नाही. पाळकाला फार चढवू नये.

यंदाच्या त्या रविवारी माझी घरातली जाऊन पाच-सहा महिने झाले होते. आमच्या चर्चमध्ये सतरंजीवर बसतात, एका अंगाला गडी, एका अंगाला बाया. खिडकीजवळची तिची जागा बाया मोकळीच सोडायच्या. पहिले काही रविवार मी सोसलं, मग एकदा उठून म्हणालो, "बसा की तिथं. माणूस गेलंय, सतरंजी काय वारली न्हाई." पाळकीणबाईंना ते लागलं. पण पुढच्या रविवारी एक लेकुरवाळी तिथं बसली आणि तिचं पोरगं खिडकीचे गज धरून बाहेरच्या कोंबड्यांना हाका मारत राहिलं. मला जरा बरं वाटलं.

तर त्या रविवारचा उपदेश. पाळकसाहेब म्हणाले, देवानं माणसाला बागेत ठेवलं ते बसून फळं खायला नाही. तिची मशागत करायला आणि राखण करायला ठेवलं. माणूस ह्या पृथ्वीचा मालक नाही, कारभारी आहे.

बायांच्या बाजूला खसखस पिकली. आमच्याकडं बाया नवऱ्याला कारभारी म्हणतात. एक म्हातारी मोठ्यानंच म्हणाली, "कारभाऱ्याच्या हाती दिली म्हनूनच तिची ही गत झाली." पाळकसाहेब लाजले, पण उपदेश सोडला नाही. म्हणाले, यंदा प्रत्येक घरानं एक तरी गोष्ट घरच्या बियाची लावायची, पाकिटातल्या नाही. आणि कापणीच्या सणाला ती वेदीवर आणायची. कुणाच्या घरी आहे घरचं बी?

सगळे खाली बघायला लागले. आमच्या गावात आता सगळं पाकिटाचं. कापूस पाकिटाचा, सोयाबीन पाकिटाचं, भेंडीसुद्धा पाकिटाची. आणि मग एकेक मान वळून माझ्याकडं बघायला लागली. कारण सगळ्यांना तिचा भोपळा आठवला.

तो भोपळा सांगितला पाहिजे. दुध्या, पण बाजारातल्यासारखा नळकांडं नाही. लांब, फिकट हिरवा, मान एका अंगाला वळलेली, जणू काही कुणी हाक मारली म्हणून मागं बघतोय. लग्नानंतर पहिल्या खेपेला माहेराहून परत येताना तिनं ते बी पदराला बांधून आणलं होतं. हरभऱ्याची डाळ घालून शिजवला की साखर टाकल्यासारखा लागायचा. दर साली कापणीच्या सणाला तिचा भोपळा वेदीच्या मधोमध असायचा, आणि उपासना झाल्यावर लिलावात त्याच्यावरून भांडणं व्हायची. फक्त मागच्या साली नव्हता. पावसाळ्यातच तिनं अंथरूण धरलं आणि वेल लागलाच नाही.

मला बसल्या जागी उठायची खोड आहे. उठलो. म्हणालो, "बी आमच्या घरी हाय. सगळ्यांला देतो. आन तिचा भोपळा यंदा वेदीवर येणार. मी आणणार."

शेजारी माझा जोडीदार बसला होता. आम्ही लहानपणी एकत्र गुरं राखलेली माणसं. त्यानं माझा सदरा ओढला. "बस की बे. तुला कुठं ठावं हाय तिनं बी कुठं ठिवलंय?"

"घरातच आसंल की. चंद्रावर जाईल व्हय?"

घरी येऊन मी आणि सुनेनं सगळं घर उलटंपालटं केलं. ज्वारी, तूर, हरभरा हे माझं काम. परसातलं माळवं तिचं. मी त्यात कधी बोट घातलं नाही आणि तिनं घालू दिलं नाही. सूनही तशीच कोरी. "मामा, मी इचारायचे आत्यांना. त्या म्हणायच्या, मी हाय तवर मी लावते, तू भाकरी बघ."

उतरंडीच्या मडक्यांत डाळ, मीठ, गूळ. डब्यांत बटणं आणि सुतळी. शेवटी चुलीच्या वर, आढ्याला टांगलेला वाळका भोपळा दिसला. धुरानं काळाकुट्ट झालेला, तोंडाला चिंधीचा बोळा, वरून शेण लिंपलेलं. खाली काढून हलवला तर आत खुळखुळ. राखेत घातलेलं बी, चपटं, तपकिरी, दोन्ही अंगांना कान असलेलं. भोपळ्याचं बी! मी तिथंच चुलीपुढं बसलो. सून चहा ठेवू का म्हणाली, मी नको म्हणालो, तिनं ठेवला.

पुढच्या रविवारी मी कागदाच्या पुड्या करून नेल्या. पाळकसाहेबांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि घरटी एक पुडी वाटली. मला त्या दिवशी वाटलं, ती असती तर मला म्हणाली असती, बघा, आता कसे शहाणे झालात. तिच्या तोंडून कौतुक निघायचं ते असंच निघायचं.

पाऊस बेताचा झाला, पण वेल मात्र सगळ्यांचे तरारले. आमचा शेरडांच्या गोठ्यावर चढला. पाळकसाहेबांचा बंगल्याच्या जिन्यावर. जोडीदाराचा तर त्याच्या डिशच्या छत्रीवर, त्यामुळं त्याला टीव्ही दिसेना आणि त्याची सून माझ्याशी बोलेना. रविवारी उपासना सुटली की लोक एकमेकांच्या पोराबाळांचं विचारायचं सोडून वेलाचं विचारायचे. संध्याकाळी पांढरी फुलं उमलायची, तेव्हा मी गोठ्यापाशी जाऊन उभा राहायचो. काही करायचो नाही, नुसता उभा राहायचो.

पहिला भोपळा धरला तो जरा बुटका वाटला. बुडाला गोल, मान आखूड. मी म्हणालो, पाऊस कमी पडला, म्हणून तसा झाला असंल. कवळा होता तेव्हाच काढला. सुनेनं डाळ घालून केला. मी पहिला घास घेतला.

कडू. कारलं त्याच्यापुढं बत्तासा. जिभेपासून कानापर्यंत कडू. मी बाहेर जाऊन थुंकलो, मागून सून आली आणि तीही थुंकली.

"मामा, आत्यांचा भोपळा आसा न्हवता."

"निघतो एखादा कडू. दुसरा तोड."

दुसऱ्याचा नुसता तुकडा चाखून पाहिला. तोही तसाच.

मी कुणाला सांगितलं नाही. वाटलं, आपल्याच वेलाला काही झालं असेल. रविवारी चर्चला गेलो तर दारातच कळलं की तसं काही नाही. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. पाळकसाहेब व्यासपीठावर आले ते गालफडं बसलेले, डोळे आत गेलेले. बाकीच्यांनी एका घासात ओळखलं होतं. ह्या भल्या माणसानं मात्र मेलेल्या बाईचा मान राखायचा म्हणून अख्खी वाटी संपवली होती, आणि मग दोन दिवस पोट धरून होता.

त्यांनी शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, गोष्ट काढली. दुष्काळात संदेष्ट्याच्या चेल्यांनी रानातली कडू फळं कालवणात चिरून घातली आणि पहिल्याच घासाला ओरडले की भांड्यात मरण आहे. मग संदेष्ट्यानं त्यात पीठ टाकलं आणि कालवण खाण्यासारखं झालं. एवढं सांगून पाळकसाहेब थांबले. म्हणाले, "आमच्या घरी पीठ टाकूनही पाहिलं. काही फरक पडला नाही."

चर्च हसून हसून आडवं झालं. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं. बाहेर आल्यावर जोडीदार म्हणाला, "ती व्हती तवर आमाला गोड खाऊ घातलं. आन तू इख वाढलंस बे."

"तुला तर म्या मुद्दाम दिलं," मी म्हणालो.

पण घरी येताना हसू मावळलं. मला आता सगळं उमगलं होतं. ती दर साली परसाच्या पार टोकाला कडू भोपळ्याचाही एक वेल लावायची. खायला नाही. वाळवून, पोखरून ठेवायला. त्या भोपळ्यांत ती मीठ ठेवायची, आणि गावातली पोरं पोहायला शिकताना तेच पाठीला बांधून विहिरीत उड्या मारायची. माझ्या पोराला मीच बांधले होते. आणि कडू भोपळ्याचं बी तिनं त्याच भोपळ्यात भरून टांगलं होतं. ते आख्ख्या मंडळीला वाटून मी मोकळा झालो होतो. मग गोडाचं बी कुठं? मागच्या साली वेल नाही म्हणजे नवं बी नाही. जुनं असेल तर ते तिनं कुठं ठेवलं ते तिलाच माहीत.

माणूस गेलं ते देवाच्या हातून. पण भोपळा गेला तर तो माझ्या हातून जाणार होता. हे मला झोंबलं.

मी शोधायला लागलो. तिच्या माहेरी गेलो. भाचे म्हणाले, आत्याच्या लग्नानंतर कुणी लावलाच नाही. सिरसाळ्याच्या बाजारात माळवं विकणाऱ्या एकेका बाईपुढं उकिडवा बसून विचारलं, वळलेल्या मानेचा दुध्या आहे का. एक म्हणाली, "आजोबा, मान सरळ हाय म्हनून काय झालं, न्या की." चर्चमधल्या सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी तिचा भोपळा लिलावात घेऊन खाल्ला होता, कवळा कवळा. बी कुणीच धरलं नव्हतं.

कापणीचा सण जवळ आला तसे लोक मला विचारायचेच बंद झाले. ते जास्त वाईट.

एके दिवशी सकाळी मी गोठ्यापाशी होतो. माळावर धनगराची वस्ती आहे, तिथली बाई शेरडं घेऊन आमच्या कुंपणावरून चालली होती. माझ्या घरातलीला ती अक्का म्हणायची, त्यामुळं मी तिचा दाजी, आणि दाजीला टोचल्याशिवाय तिचा दिवस जायचा नाही. वेलाकडं बघून ती थांबली.

"काय दाजी, आख्ख्या गावाला पोहायला शिकिवताव का? एवढे कडू भोपळे!"

"चाल पुढं. आधीच डोकं फिरलंय माझं."

"कावून? काय झालं?"

मी सांगितलं सगळं. ती पदर तोंडाला लावून हसली, मग हसायची थांबली. "आवो, मला इचारायचं न्हाई का? अक्का दरसाली मला बी द्यायची. मी तिला लेंडीखत द्यायची, ती मला बी द्यायची. मागल्या खेपेचं उरलेलं लावलं, आमच्या छपरावर हाय की वेल."

इतकी सालं मी परसात लेंडीखत बघत होतो. ते कुठून येतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

शेरडं तिथंच सोडून आम्ही वस्तीवर गेलो. कुत्रं अंगावर आलं, तिनं त्याला दगड दाखवला. छपरावर वेल पिवळा पडत चालला होता. खाऊन खाऊन संपवले होते सगळे, एकच राहिला होता. दृष्ट लागू नये म्हणून त्याला काळी चिंधी बांधलेली. मान एका अंगाला वळलेली. मी त्याच्यावर हात ठेवला. ऊन लागून कोमट झाला होता.

"ह्यो मला दे," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी वेदीवर ठेवायचाय. सगळ्यांपुढं बोललोय मी."

"न्या की. अक्काचाच हाय." तिनं छपरात खोचलेला विळा काढून माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाली, "पर दाजी, ह्यो बियाला राखलाय. आजून बी भरलं न्हाई त्याचं. आत्ता तोडला तर भाजी हुईल, बी हुनार न्हाई."

मी विळा घेऊन उभा. एका बाजूला आख्खी मंडळी, कडू भोपळ्यावर हसलेली. एकदा तो वेदीवर ठेवला की सगळ्यांची तोंडं बंद. दुसऱ्या बाजूला ते हिरवं, अर्धं भरलेलं बी. आमच्या चर्चमध्ये रीत अशी की वेदीवर ठेवलेलं परत घरी न्यायचं नाही. लिलाव व्हायचा, कुणीतरी घ्यायचा आणि संध्याकाळी त्याच्या पातेल्यात तो शिजायचा.

विळा मी तिला परत दिला. रिकाम्या हातानं परत आलो. कुत्रं कुंपणापर्यंत भुंकत सोडायला आलं.

सणाच्या दिवशी चर्च नवरीसारखं सजवलं होतं. दाराला ऊस, खांबांना ज्वारीची ताटं, वेदीपुढं बाजरी, तूर, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. आणि मधोमध ढीग कडू भोपळ्यांचा! प्रत्येक घरानं हसत हसत आणून ठेवला होता. घरच्या बियाचं आणा म्हणाले होते ना, हे घ्या. जोडीदारानं तर दोन भोपळे दोरीनं पाठीला बांधले होते आणि तसाच गीतं म्हणत उभा होता, म्हणजे पूर आला तर पहिला हाच वाचणार. पाळकसाहेबांनी ते सगळं बघितलं आणि हसू आवरत मला विचारलं, "काका, काकूंच्या भोपळ्याचं काय झालं?"

मी उठलो.

"भोपळा हाय," मी म्हणालो. "धनगराच्या वस्तीवर, छपरावर, वेलाला हाय. मी तोडला न्हाई आन तोडनार न्हाई. त्यात बी भरतंय. तुमीच म्हणला व्हता राखण करायची. आता राखण करायची का वेदी सजवायची ते सांगा. दोनी हुत न्हाई."

मंडळीचे सेक्रेटरी नियमाचे पक्के. ते म्हणाले, "वेदीवर आलंच न्हाई, तर त्याला अर्पण कसं म्हणायचं?"

"नका म्हणू," मी म्हणालो आणि खाली बसलो.

पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं, काखेत मारलं आणि म्हणाले, "तो इथं येत नाही, तर आपण जाऊ या तिकडं."

आणि निघाली की मंडळी! दोघांनी पेटी उचलली, एकानं ढोलकी गळ्यात अडकवली. बाया पोरं कडेवर घेऊन, म्हाताऱ्या काठ्या टेकत. सेक्रेटरी दाराला कडी लावायला मागं राहिले, पण कोंबड्या आतच विसरले. त्यांनी नंतर अर्धी बाजरी खाल्ली, ते वेगळंच. माळावरून आम्ही गीत म्हणत चाललो होतो. वारा समोरून होता, त्यामुळं पुढच्यांचा सूर मागं यायचा आणि मागचे एक ओळ उशिरा म्हणायचे.

वस्तीवरचं कुत्रं वेड्यासारखं भुंकायला लागलं. बाई पळत बाहेर आली, हात पिठानं भरलेले. एवढी माणसं बघून तिनं कपाळाला हात लावला.

"दाजी! कोन गेलं?"

"कुनी गेलं न्हाई. भोपळ्याची प्रार्थना हाय."

"भोपळ्याला काय झालं?"

"काय न्हाई झालं. म्हणूनच."

पाळकसाहेबांनी पुढं होऊन हात जोडले, तिला विचारलं, ताई, तुमच्या दारात प्रार्थना केली तर चालेल का. तिनं पदर डोक्यावर घेतला. "अक्काचा देव हाय, करा की. फकस्त छपराला टेकू नगा, कुजकं हाय."

कुणीच टेकलं नाही. पाळकसाहेबांनी लहान प्रार्थना केली. वेलासाठी, बियासाठी, पावसासाठी, बी राखणाऱ्या ह्या ताईसाठी, आणि मी कानात सांगितलं म्हणून लेंडीखतासाठीही. माझ्या घरातलीचं त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. बरं केलं. बोलले असते तर मला सोसवलं नसतं. मग गीत सुरू झालं. मी नुसता भोपळ्याकडं बघत उभा राहिलो. पाठीला अजून दोन भोपळे बांधलेल्या जोडीदारानं मला कोपर मारलं.

"गा की बे. तिला काय ऐकायला येतंय, आमालाच सोसायचं हाय."

मी गायलो. मोठ्यानं गायलो. शेरडं दूर सरकली.

प्रार्थना झाल्यावर सगळ्यांनी बाईला घेरलं. मला दे बी, मला दे बी. ती म्हणाली, "फुकट न्हाई. अक्कासुदिक फुकट देत न्हवती. दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन खाली जाणार. तवर ह्यो वाळत न्हाई. मागं वेलाला कोन बघनार, ते आधी सांगा." सगळे पुन्हा माझ्याकडं बघायला लागले. आता ह्या गावात ती सवयच लागली आहे.

म्हणून सध्या मी दिवसाआड माळावर जातो. दोन कॅन पाणी सायकलला लावून. ती माणसं मेंढरं घेऊन गेली, छपराचं दार बांधून गेली आणि म्हातारं कुत्रं मागं ठेवून गेली. त्याला भाकरी सून बांधून देते. वेलाची पानं गळाली, भोपळा मात्र फिकट होत, हलका होत चालला आहे. बोटानं वाजवला की आवाज अजून भरीव येतो. अजून वेळ आहे.

भाकरी खाऊन झाली तरी कुत्र्याचा माझ्यावर विश्वास नाही. ते छपराखाली बसून माझ्या हाताकडं बघत राहतं. मी भोपळ्याला हात लावला की गुरगुरतं. मी त्याला शिव्या देतो आणि पाणी घालतो.